फेलोशिप किती, त्याआधी कधी?

“पोरगं काय करून राहिलं सध्या?”

“पीएच.डी. करून राहिलं, काकाजी.”

“अजून शिकूनच राहिलं काय? मग कामाले कधी लागन?”

वणी असो, दारव्हा असो की उमरखेड, लग्नाच्या पंगतीत हा संवाद हमखास ऐकू येतो. काकाजींचे फारसे चुकत नाही. त्यांच्या हिशेबाने पंचविशी ओलांडलेले पोर घरी पैसे आणत नसेल तर ते अजून शाळेतच आहे. पंचाईत होते ती पोराच्या बापाची. मुलाला फेलोशिप मंजूर झाली आहे, हे तो अभिमानाने सांगतो. “किती भेटते?” या प्रश्नावर आकडाही सांगतो. “कधी भेटते?” असे कोणी विचारले, की मात्र तो पाण्याचा पेला उचलतो.

आरोग्य आणि विज्ञानाच्या या सदरात फेलोशिपचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. पैसे कधी हातात पडतात याचा माणसाच्या लक्षावर, कामातल्या चुकांवर आणि झोपेवर परिणाम होतो का, यावर गेल्या दहा-बारा वर्षांत चांगले संशोधन झाले आहे, आणि त्यातले महत्त्वाचे प्रयोग आपल्याच देशातल्या शेतकरी-मजुरांवर झाले आहेत. दुसरे कारण आपल्या जिल्ह्याचे आहे. यवतमाळच्या पाण्यात काय आहे, फवारणी करणाऱ्याच्या रक्तात काय होते, हे शोधायला मुंबई-दिल्लीहून कोणी कायमचे येऊन राहणार नाही. ते काम इथल्याच मुलामुलींना करावे लागणार, आणि त्यांचा महिना कसा जातो यावर ते काम होते की नाही हे ठरणार.

ओडिशातल्या पत्रावळींपासून सुरुवात करू. सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिलबाख या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ग्रामीण भागात सुमारे चारशे मजुरांना पानांच्या पत्रावळी शिवण्याचे काम दिले. मजुरी नगावर. काळ मुद्दाम असा निवडला, की शेतात काम नाही, घरात उधारी आहे. सगळ्यांना कामाचे पैसे मिळणार होतेच, दरही तोच. फरक एवढाच, की काही मजुरांना कमावलेल्या मजुरीचा मोठा भाग काही दिवस आधी हातात दिला, बाकीच्यांना शेवटी. म्हणजे जास्त पैसे कोणालाच दिले नाहीत, फक्त तारीख बदलली. लवकर पैसे मिळालेल्यांनी पहिल्यांदा काय केले, तर उधारी फेडली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पत्रावळींची संख्या सरासरी सात टक्क्यांनी वाढली. जे जास्त गरीब होते त्यांच्यात वाढ आणखी मोठी होती. चुकाही कमी झाल्या. हात तेच, पाने तीच. डोक्यात सतत चाललेला हिशेब तेवढा थांबला होता.

याच्याआधीचा, अधिक गाजलेला अभ्यास तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा आहे. तो २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. संशोधकांनी ५४ गावांमधल्या ४६४ शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या दोनदा घेतल्या, ऊस जाण्याआधी आणि उसाचे पैसे आल्यानंतर. ऊस निवडण्यामागे एक हुशारी होती. कारखाने तोड एकाच वेळी देत नाहीत. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एकाचे पैसे आलेले असतात, दुसऱ्याचे यायचे असतात. त्यामुळे हवामान, सण, ऋतू यांचा परिणाम वेगळा काढता येतो. तोडीआधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण ठेवले होते. तोडीनंतर हे प्रमाण ४ टक्क्यांवर आले. आणि तोच शेतकरी, तीच चाचणी, पण पैसे आल्यानंतर त्याची उत्तरे अधिक अचूक आणि अधिक जलद होती. जेवण, कामाचा शीण अशी इतर कारणेही लेखकांनी तपासून पाहिली. फरक पूर्णपणे त्यांनी समजावला जात नव्हता.

विज्ञानात एका अभ्यासावर घर बांधायचे नसते, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१६ साली अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांच्या चाचण्या पगाराच्या आधी आणि नंतर घेतल्या, तेव्हा बुद्धीच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मला यात फार मोठा विरोध वाटत नाही. पगार परवा येणार आहे हे माहीत असणे वेगळे, आणि तो दिवाळीला येईल की होळीला, हे माहीतच नसणे वेगळे. अमेरिकेतल्या त्या माणसाला तारीख माहीत होती.

आपल्या संशोधक विद्यार्थ्याला ती माहीत नसते.

आकडे पाहिले तर फेलोशिप आज कमी आहे असे म्हणता येणार नाही. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळवणाऱ्याला २०१० च्या सुमारास महिना १६ हजार रुपये मिळत. २०१४ मध्ये ते २५ हजार झाले, २०१९ मध्ये ३१ हजार, आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार. दोन वर्षांनी वरिष्ठ अधिछात्र झाल्यावर ४२ हजार. शिवाय शहराच्या वर्गानुसार घरभाडे आणि पुस्तके-रसायने यांसाठी वार्षिक आकस्मिक खर्च. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची वर्षाला ७५० फेलोशिपची योजना आहे; अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी वेगळ्या आहेत. राज्यात पुण्याची बार्टी, सारथी, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि नागपूरची महाज्योती या संस्था आपापल्या गटातील विद्यार्थ्यांना साधारण याच धर्तीवर रक्कम देतात. एवढी दारे वीस वर्षांपूर्वी नव्हती, हे मान्य करायला हवे.

ज्याला यातले काहीच मिळाले नाही, त्याचे काय? दिल्ली किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात असेल तर नेट नसतानाही महिना ८ हजार मिळतात. ही योजना २०१५ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारात विद्यार्थी दिवस-रात्र बसले होते. पण ती राज्य विद्यापीठांना लागूच नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून यवतमाळसह पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांसाठी आहे, आणि ते राज्य विद्यापीठ आहे. म्हणून आपल्याकडचा विनाफेलोशिप विद्यार्थी कुठल्या तरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि ते मानधनही वर्षाअखेर कधीतरी येते. किंवा स्पर्धा परीक्षेच्या वर्गात शिकवतो. किंवा सोयाबीन काढायला घरी जातो. विद्यापीठाच्या कागदावर तो पूर्णवेळ संशोधक असतो.

राज्याच्या संस्थांची गोष्ट २०२३ मध्ये बरीच गाजली. लाभार्थ्यांची संख्या प्रत्येक संस्थेसाठी दोनशेवर आणण्याचे धोरण ठरले, त्यावरून मुंबईत आणि पुण्यात उपोषणे झाली. डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा सवाल केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. त्याच महिन्यात, २४ तारखेला फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच असल्याचे परीक्षार्थींच्या लक्षात आले. १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा घ्यावी लागली, आणि काही केंद्रांवर प्रश्नपत्रिकेचे पाकीट सीलबंद नसल्याच्या तक्रारीवरून तिच्यावरही बहिष्कार पडला. ज्यांना संशोधनाच्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारायचे होते त्यांच्याच परीक्षेच्या पद्धतीबद्दल प्रश्न उभे राहिले. दिव्यांचा मुद्दा मात्र मला टाळावासा वाटत नाही. तो प्रश्न करदात्याने विचारावाच. पण उत्तर ऐकायला थोडे थांबावे.

उत्तर शोधायला २०१७ च्या पावसाळ्यात जावे लागेल. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या होत्या. त्या वेळी ज्या कीटकनाशकांची नावे आली त्यांत प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली होती. ती शरीरातल्या कोलिनएस्टेरेज या विकराला बंद पाडतात. हे विकर मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकते. ते बंद पडले की निरोप पुसला जात नाही, स्नायू आणि ग्रंथी सतत चालू राहतात. मग लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, शेवटी श्वास.

या विकराची पातळी रक्तात मोजता येते. जिल्ह्यात ही चाचणी सहज होत नव्हती, हा मुद्दा त्या वेळी चर्चेत आला होता. पण चाचणीचे यंत्र आणले म्हणजे काम झाले असे नाही. निरोगी माणसांमध्येही ही पातळी खूप वेगवेगळी असते. एखाद्याची कमी आली, तर ती विषाने कमी झाली की मुळातच तेवढी होती, हे कळायला त्याच माणसाचे फवारणीआधीचे रक्त तपासलेले असावे लागते. म्हणजे संशोधकाला जूनमध्ये गावात जाऊन शंभर-दोनशे फवारणी कामगारांचे नमुने घ्यावे लागतील, मग सप्टेंबरमध्ये पुन्हा, मग डिसेंबरमध्ये पुन्हा. कोणी हातमोजे घालतो, कोणी वाऱ्याच्या उलट दिशेने फवारतो, कोणी दोन औषधे एकत्र कालवतो, हे सगळे नोंदवावे लागेल. एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने करावे असेच हे काम आहे. चार वर्षे चिकटून करायचे, कंटाळवाणे, आणि झाले तर पुढच्या हंगामात कोणाला तरी वाचवणारे.

आता या कामात पैशाची तारीख घाला. जूनच्या नमुन्यांसाठी लागणारे पैसे ऑक्टोबरमध्ये आले, तर चार महिन्यांचा उशीर झाला असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात एक वर्ष गेलेले असते. फवारणी सुरू झाल्यावर ‘आधीचे’ रक्त कुठून आणणार?

फ्लोराइडचेही तसेच. पांढरकवडा परिसरातील भूजलातल्या फ्लोराइडवरचा एक शोधनिबंध २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत. त्या भागातल्या काही विहिरी आणि हातपंपांत ते याच्या कितीतरी पट निघाले. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, पुढे सांधे आणि पाठीचा कणा ताठर होणे, हे त्याचे दुखणे. खडकातून झिरपणाऱ्या या क्षाराचे प्रमाण पावसाआधी आणि पावसानंतर बदलते, म्हणून पाण्याचे नमुने निदान दोनदा घ्यावे लागतात, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर.

समजा, त्या भागातल्या एखाद्या कोलाम पोडावरची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिने हाच विषय घेतला. तिच्यापेक्षा चांगला संशोधक या विषयाला मिळणार नाही. कोणत्या हातपंपाचे पाणी म्हाताऱ्या बायका पीत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. कोलामीत विचारले तर लोक तिला खरे सांगतील. तिला फेलोशिपही मंजूर झाली. आता तिचे वर्ष कसे जाते पाहा. यवतमाळहून अमरावती नव्वद किलोमीटर, तिच्या गावाहून त्याच्या दुप्पट. दर महिन्याला मार्गदर्शकाची सही, संशोधन केंद्राचा शिक्का, मग विद्यापीठाची शिफारस. आयोगाच्या फेलोशिपमध्ये तर दर महिन्याला एका कर्मचाऱ्याने संगणकावर माहिती भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करायची, अशी दुहेरी पद्धत आहे. त्यातला एक जण रजेवर गेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की तिचा महिना अडकतो. वरून अनुदानाचा हप्ता आला नाही तर सगळ्यांचाच अडकतो. आणि या काळात ती दुसरी नोकरी धरू शकत नाही, कारण तसे हमीपत्र तिने लिहून दिलेले असते. पैसे येत नाहीत आणि कमवायचेही नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात हे समजायला वेळ लागत नाही. पीककर्ज ऑगस्टमध्ये मिळाले तर त्याचा काय उपयोग, हे बापाला पक्के ठाऊक असते. तो मेमध्ये सावकाराकडे जातो. मुलगी मैत्रिणीकडे जाते. अनेकदा बापाकडेच जाते, आणि बाप पुन्हा सावकाराकडे.

मी स्वतः संशोधक विद्यार्थी होतो तेव्हा आठ महिन्यांची थकबाकी एका दिवशी खात्यात आली. रक्कम पाहून मी बँकेतून बाहेर येऊन पायरीवर बसलो. पहिले पैसे मेसवाल्या काकूंना, दुसरे खोलीमालकाला, तिसरे चष्म्याला. सहा महिने तडा गेलेल्या काचेतून सूक्ष्मदर्शकात बघत होतो. त्या काळातल्या माझ्या वह्या आजही आहेत. त्या आठ महिन्यांच्या पानांवर खाडाखोड किती आहे, ते पाहून मला ओडिशाच्या पत्रावळी आठवतात. एका माणसाच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते.

मोठ्या संख्येचे अभ्यास आहेत. बेल्जियममधल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या पाहणीत ३२ टक्क्यांना नैराश्यासारखा मानसिक आजार असण्याचा किंवा होण्याचा धोका दिसला; तो २०१७ चा अभ्यास. दुसऱ्या वर्षी २६ देशांतल्या २,२७९ जणांची ऑनलाइन पाहणी आली, त्यात सुमारे ४० टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता किंवा नैराश्याची लक्षणे होती. अशा ऑनलाइन पाहणीत ज्यांना त्रास आहे तेच जास्त उत्तरे देतात, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. अधिक भरवशाचा अभ्यास स्वीडनचा. तिथे सगळ्या नागरिकांच्या औषधांच्या नोंदी सरकारी दफ्तरात असतात. पीएच.डी. सुरू होण्याआधीच्या तुलनेत पाचव्या वर्षापर्यंत मनोविकारांवरची औषधे घेण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे त्यात निघाले.

स्वीडनमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. रजा, निवृत्तिवेतन, सगळे असते. तरीही हे. तेव्हा फेलोशिप वेळेवर आली की सगळे प्रश्न मिटतील, असा दावा मी करणार नाही. प्रयोग फसतो, शोधनिबंध परत येतो, मार्गदर्शक बोलत नाही, पुढे नोकरी दिसत नाही. या गोष्टी पैशाने जात नाहीत. पण स्वीडनचा विद्यार्थी फसलेल्या प्रयोगाची काळजी करत झोपतो, आणि आपला विद्यार्थी फसलेल्या प्रयोगाची आणि खोलीभाड्याची. दुसरी काळजी कमी करणे आपल्या हातात आहे.

अधेमधे पैसे बंद झाले की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. तिथून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, प्रबंधाचे काम सुरू झाले, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले. सोबतच्या पुस्तकांचे जहाजही महायुद्धात पाणतीराने बुडाले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पै पै साठवली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध होता. ज्याला दुसऱ्यांदा जाण्याइतकी जिद्द नव्हती, किंवा नवल भथेनांसारखा मित्र नव्हता, अशांचे अर्धवट प्रबंध कुठल्याच ग्रंथालयात नसतात.

कमला सोहोनींचे उलट झाले. मुंबई विद्यापीठाच्या दोन शिष्यवृत्त्या हातात घेऊन त्या केंब्रिजला गेल्या, आणि चौदा महिन्यांत काम पूर्ण करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. त्यांची बुद्धी असामान्य होती, हे खरेच. पण त्या चौदा महिन्यांत पुढच्या महिन्याचे भाडे कुठून द्यायचे, हा प्रश्न त्यांच्या वहीत नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेले काम आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहाराच्या उपयोगी पडले. दिवे कोणते, असे विचारणाऱ्यांसाठी हे एक.

ज्या घरात कोणी पीएच.डी. करते आहे, त्यांच्यासाठी काही कामाचे. नेट परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांची होते. आता तिचा निकाल तीन पायऱ्यांवर लागतो, आणि सर्वांत खालच्या पायरीवर पास झालेल्यालाही पीएच.डी. प्रवेशासाठी ते गुण वापरता येतात. पण फेलोशिप फक्त पहिल्या पायरीला. राज्य संस्थांच्या जाहिराती ठरावीक महिन्यात येतील असे धरून बसू नये, संकेतस्थळ आठवड्याला पाहावे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज आधीच करून ठेवावा. दर महिन्याचा प्रगती अहवाल आणि हजेरी मार्गदर्शकाकडून त्याच महिन्यात घ्यावी, सहा महिन्यांच्या सह्या एकदम मागू नयेत. प्रत्येक कागदाची आवक क्रमांकासह पोच ठेवावी; ज्याच्याकडे पोच असते त्याची फाइल सापडते, हा माझा अनुभव. फेलोशिप जास्तीत जास्त पाच वर्षे असते आणि प्रबंधाची मुदत सहा, तेव्हा शेवटच्या वर्षाची सोय थकबाकी आल्यावरच बाजूला टाकावी. मुलींनी हेही लक्षात ठेवावे, की २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.च्या काळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. ती हक्काची आहे, मार्गदर्शकाच्या मेहेरबानीची नाही.

आणि घरच्यांसाठी. पोरगं फोन उचलत नाही, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली आहे किंवा दिवसभर झोपूनच आहे, जेवण सुटले आहे, मित्रांत जात नाही, ‘माझ्याने काही होणार नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणते, तर त्याला आळस म्हणू नका. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतून आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. “कामाले कधी लागन?” हा प्रश्न पंगतीत विचारायचा थोडा पुढे ढकलला तरी चालेल.

एक सूचना विद्यापीठांसाठी. ऊसतोड मजुरांना मुकादम उचल देतो, ती पद्धत अन्यायाची आहे. पण उचल ही कल्पना वाईट नाही. ज्याची फेलोशिप मंजूर झाली आहे आणि फक्त हप्ता अडकला आहे, त्याला विद्यापीठाने आपल्या निधीतून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला काही रक्कम बिनव्याजी द्यावी आणि थकबाकी आली की वळती करून घ्यावी. यात वाढीव खर्च जवळजवळ नाही, कारण पैसे येणारच असतात. ओडिशातल्या संशोधकांनी हेच केले होते. लेखापरीक्षक आक्षेप घेतील, तर त्यासाठी व्यवस्थापन परिषदेने एकदा नियम करून ठेवावा. निदान दोन महिन्यांसाठी तरी उचल हवी, मे आणि जून. पाण्याचे नमुने मेमध्ये घ्यायचे असतात, आणि रक्ताचे जूनमध्ये, फवारणीचा पंप पाठीवर चढण्याआधी.